चार्ज देण्याआधीचा उन्हाळा

(ठाण्यातील एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची छापील प्रत)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्या काळी पोराचं नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी रजिस्टरात १ जून लिहीत. शाळा जूनमध्ये भरायची, वय नेमकं बसायचं. मुरबाड, शहापूर, जव्हार, मोखाडा या पट्ट्यातली माझ्या पिढीतली कितीतरी मुलं अशी कागदावर १ जूनला जन्मली. मीही त्यातलाच. सरकारी नियम असा की १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दर वर्षी ३१ मेला राज्यभरातल्या कचेऱ्यांमधून शाल-श्रीफळ घेतलेली माणसं बाहेर पडताना दिसतात.

शिक्षकांना ही तारीख सोयीची आहे, वर्ष संपलेलं असतं. आमच्या वनखात्याला ती अडचणीची आहे. जंगलातल्या आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. म्हणजे रान सर्वांत कोरडं असतं, पाणवठे तळाला गेलेले असतात, आणि नेमकी त्याच वेळी त्या रानात तीस-पस्तीस वर्षं फिरलेली माणसं एका दिवसात घरी जातात. २०२५ च्या ३१ मेला मीही गेलो. आज मला त्या शेवटच्या उन्हाळ्याबद्दल बोलायचं आहे. निरोप समारंभात बोलायचं ते बोलून झालं. हे त्याच्या पलीकडचं आहे.

आधी थोडी माहिती. जंगलाचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे बीट. बीटावर वनरक्षक, म्हणजे गार्ड, असतो. काही बीटांचं मिळून परिमंडळ, त्यावर वनपाल. परिमंडळांचं मिळून परिक्षेत्र, त्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे आरएफओ. मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. आधी शहापूर-कल्याणकडच्या डोंगरात होतो, शेवटची वर्षं येऊरला.

येऊर तुम्हाला ठाऊक आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. उद्यान सगळं मिळून सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबईला नळाचं पाणी पाजण्यासाठी हा डोंगर राखला गेला, म्हणून तो आज शिल्लक आहे. पलीकडे बोरिवली, मुलुंड, इकडे वर्तकनगर, मानपाडा, घोडबंदर रोड. चहूबाजूंनी माणसांनी वेढलेलं आणि आत बिबट्या असलेलं असं रान जगात फार थोड्या ठिकाणी आहे. २०१५ च्या अभ्यासात इथे पस्तीस बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये सत्तेचाळीस.

२०२५ चा तो उन्हाळा वेगळा होता, कारण आदल्या पावसाळ्यात कारवी फुलली होती. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. आमच्या डोंगरावर २००८, २०१६ आणि मग २०२४. निळ्याजांभळ्या उतारांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिले; शनिवार-रविवारी बघ्यांची रांग लागायची. पण आमच्यासाठी कारवीचं खरं वर्ष फुलल्यानंतरचं असतं. फुलून झाली की कारवी मरते. पुरुषभर उंचीच्या कोरड्या काठ्या उभ्याच्या उभ्या राहतात, एकीला एक लागून. बोंडं काठीवरच वाळतात. पहिल्या पावसाची ओल लागली की ती तडतडायला लागतात. तेव्हा त्या उतारावर उभं राहिलात तर चारी बाजूंनी टकटक आवाज येतो. बी उडून ओल्या जमिनीवर पडतं आणि रुजतं. तोवर, उन्हाळाभर, पुढच्या आठ वर्षांची कारवी त्या कोरड्या काठ्यांवर असते. त्यातून आग गेली, तर काठ्या तर जळतातच, बीसुद्धा जातं, आणि मातीला धरून ठेवणारं काही उरत नाही. पावसात तो उतार ओढ्यात येतो.

म्हणून माझा शेवटचा उन्हाळा मुख्यतः मेलेल्या कारवीची राखण करण्यात गेला, आणि मला त्याचं समाधान आहे.

वणवा आमच्याकडे आपोआप लागत नाही. तो माणूस लावतो किंवा माणसाच्या हातून लागतो. विडीचं थोटूक, टेकडीवरची पार्टी, चूल पेटवून तशीच सोडून जाणं. पाड्यांवरचे लोक मोहाची फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळायचे, कारण फुलं पहाटे पडतात आणि पाल्यात दिसत नाहीत. हे वाद घालून थांबत नाही. मोह फुलायच्या आधी त्यांच्याबरोबर जाऊन झाडाखालची जागा झाडून घ्यायची, जुनी जाळी अंथरायची. त्यासाठी कोणतं झाड कोणत्या घराचं हे ठाऊक असावं लागतं. ते कुठल्याही नकाशात नाही, पण पाड्यावर प्रत्येकाला माहीत आहे, आणि चहा प्यायला बसणाऱ्या गार्डलाही माहीत होतं.

१५ फेब्रुवारीच्या आत जाळरेषा काढून व्हाव्या लागतात. जाळरेषा म्हणजे पालापाचोळा साफ करून, कडेचं गवत आपणच जाळून केलेला पट्टा, आग आली तर तिला खायला काही मिळू नये म्हणून. कागदावर ती सरळ असते. जमिनीवर ती कुठे वळवायची, हे जाणत्या वनमजुराला विचारावं लागतं. रातवा हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर पाल्यात अंडी घालतो, तीही ऐन उन्हाळ्यात. पट्टा पुन्हा साफ करायला एप्रिलमध्ये झाडू घेऊन निघालेल्या माणसाने पुढे बघून पाऊल टाकायचं असतं.

आणि वारा. येऊरच्या पूर्व उतारावर सकाळी वारा ठाण्याकडून डोंगराकडे वाहतो. खाली लागलेली आग वर चढते. बारा-एकच्या सुमारास समुद्राकडचा वारा डोंगर ओलांडून येतो आणि सगळं फिरतं. सकाळी जी बाजू सुरक्षित होती, तिथेच दुपारी आग उतरते. नवखा माणूस सकाळच्या हिशोबाने जिथे उभा राहतो, तिथे दुपारी त्याने असू नये. आता आमच्याकडे पाला उडवायचे ब्लोअर आहेत, फांद्यांनी आग झोडपणाऱ्या दहा माणसांचं काम एक ब्लोअर करतो. भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने पाहिलेल्या आगीचे संदेश थेट मोबाइलवर येतात. हे फार मोलाचं आहे आणि मी त्याचा भरपूर उपयोग केला. पण त्या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे पावणेचारशे मीटरचा चौकोन. आमच्या उतारावरची लहान आग, झाडांच्या छायेतली, त्या चौकोनाच्या निम्म्या आकाराचीही नसते. संदेश येईपर्यंत ती मोठी झालेली असते. त्याआधी ती कोणाला तरी दिसावी लागते, किंवा तिचा वास यावा लागतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काम कसं होतं, असं लोक विचारतात. वनसेवेत शिरताना पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. त्यानंतर पुन्हा कोणी मोजत नाही, डोंगर मोजतो. चढताना दम लागतो, ते चालतं. उतरताना गुडघे दुखतात, ते चालत नाही, कारण आगीपासून निघायचं असतं ते बहुधा उतारावरूनच. रात्रीच्या गस्तीनंतर पूर्वी दोन तास झोप पुरायची, आता दुसरा दिवस जातो. मी शेवटच्या उन्हाळ्यात झोडपणाऱ्यांच्या ओळीत उभा राहिलो नाही. मागे, उंचावर, वायरलेस घेऊन उभा राहिलो आणि धूर कुठे वळतोय ते सांगत राहिलो. म्हाताऱ्या वनपालाची जागा तीच आहे. ओळीत उभं राहायला तरुण मिळतात. धुराकडे बघून पुढच्या अर्ध्या तासाचं सांगणारा एकच असतो, आणि तोच ३१ मेला जातो.

इथे मला आजोबाची आठवण काढू द्या. आजोबा हा बिबट्या होता. २००९ मध्ये तो नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याच्या लोकांनी त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून तो निघाला, शहापूरच्या रानातून, कसाऱ्याचे रेल्वेमार्ग ओलांडून, वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून, खाडी पोहून आमच्या उद्यानाच्या नागला भागात पोचला. सुमारे १२० किलोमीटर. वय झालेला नर, म्हणून त्याला आजोबा नाव पडलं. वाटेत त्याने माणसाला इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो गेला. त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. तो ज्या वाटेने आला ती वाट पट्ट्यामुळे आपल्याला कळली. माझ्या माहितीतले किमान चार-पाच जुने गार्ड ती वाट आधीपासून सांगत होते, कारण त्यांनी त्या नाल्यांत ठसे पाहिले होते. त्यांच्या गळ्यात पट्टा नव्हता आणि हातात पेन नव्हतं. ते निवृत्त झाले, त्यांच्याबरोबर ती वाट गेली, आणि मग ती पुन्हा शोधावी लागली.

लिहिणारे आमच्यात फार थोडे. मारुती चितमपल्ली हा मोठा अपवाद. १९९० मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यानंतरही पक्षिकोशासारखी कामं करत राहिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. माझ्या निवृत्तीला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. चितमपल्लींची पुस्तकं पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं, की त्यातलं कितीतरी त्यांनी दुसऱ्याला विचारून घेतलेलं आहे. नवेगावबांधला माधवराव पाटलांकडून, रानातल्या गोंड-कोरकू माणसांकडून. ते अधिकारी असूनही विचारत होते. मी त्यांच्याकडून हे शिकलो, की सांगणारा आणि विचारणारा एका वाटेवर एकाच वेळी असावे लागतात.

मी नशीबवान ठरलो. २०२३ च्या भरतीतली एक तरुण वनरक्षक माझ्या परिमंडळात आली होती. भंडारा जिल्ह्यातली मुलगी. पाड्यावर सगळे तिला मॅडम म्हणतात, आमचे जुने वारली वनमजूर काका तिला पोरी म्हणतात. मी ठरवलं की शेवटचा उन्हाळा मी तिच्याबरोबर चालणार. सांगणार कमी, थांबणार जास्त. नाल्यात कोरडी वाळू दिसली की मी उभा राहायचो. ती म्हणायची, "सर, इथं काय?" मी म्हणायचो, "काकांना विचार." काका उंबराच्या मुळाशी हाताने वाळू उकरायचे. ढोपरभर खाली ओल लागायची, घटकाभराने पाणी चढायचं. असे झरे मे महिन्यात फार थोडे उरतात. त्यातला कोणता दर वर्षी टिकतो आणि कोणता एखाद्या वर्षी दगा देतो, हे तिने वहीत लिहून घेतलं. टँकरने भरायचे पाणवठे कुठे आहेत ते नकाशात आहे. हे झरे नाहीत, आणि भेकर तिथेच येतं.

बुद्ध पौर्णिमेला, १२ मेला, आम्ही पाणवठ्यावर मचाणावर बसलो. प्राण्यांची खरी गणना आता कॅमेऱ्यांनी होते, ही रात्र मोजण्यासाठी फारशी उरलेली नाही. तरी ती टिकावी असं मला वाटतं, कारण नव्या माणसाला वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला गप्प कसं बसायचं हे शिकायला दुसरी जागा नाही. बिबट्या आला नाही. सांबर आलं, पाणी प्यायच्या आधी बराच वेळ उभं राहिलं. ती मुलगी पापणी न हलवता बसली होती. तेव्हा मला वाटलं, आता चार्ज दिला तरी चालेल.

तिच्याबद्दल मला काळजी वाटते हेही सांगतो. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्यात स्वाती ढुमणे या वनरक्षक वाघांच्या गणनेसाठी पायी फिरत असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. तेव्हापासून पायी गस्तीला निघणाऱ्या प्रत्येक मुलीचे आई-वडील फोन करून विचारतात. मी त्यांना खोटा धीर देत नाही. एवढंच सांगतो, की पहिली दोन वर्षं तिला एकटी पाठवू नका. तिच्यापुढे तो रस्ता पायाखालचा असलेलं कोणीतरी असावं.

ते कोणीतरी कोण? सरकारी नोकरीत निवृत्त माणसाची जागा भरायला महिने जातात आणि तोवर शेजारच्या माणसाकडे अतिरिक्त कार्यभार असतो. हे सगळ्याच खात्यांत चालतं, आणि कागदाच्या कामात ते चालून जातं. डोंगराचं तसं नाही. शेवटच्या दिवशी चार्ज देताना यादी असते: वायरलेस संच, दुर्बीण, शिक्क्याचा हातोडा, नोंदवह्या, चाव्या, नकाशा. घेणारा सही करतो, देणारा सही करतो. त्या यादीत झरे नाहीत, वारा नाही, मोहाची झाडं कोणाची ते नाही, कोणत्या पाड्यावरचा कोणता तरुण आग दिसली की न सांगता धावून येतो ते नाही. माझं म्हणणं साधं आहे. ज्याची निवृत्ती ३१ मेला आहे, त्याच्या जागी येणारा माणूस १५ फेब्रुवारीला तिथे हजर असावा, आणि ३१ मेपर्यंत दोघांनी एकत्र चालावं. साडेतीन महिन्यांचा एक जादा पगार, एवढाच त्याचा खर्च.

दुसरं म्हणणं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत हंगामी रेंजर असतात, उन्हाळ्यापुरते. त्यात म्हातारी माणसंही असतात. वर्षानुवर्षं त्याच उद्यानात परत येतात. कॅलिफोर्नियात रिचमंड इथल्या उद्यानात बेटी रीड सॉस्किन नावाच्या बाई रेंजर होत्या. त्या २०२२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी निवृत्त झाल्या. त्या डोंगर चढत नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या गावात काय घडलं ते लोकांना सांगत होत्या, कारण त्यांनी ते पाहिलं होतं. आमच्याकडे जुन्या गार्डांना आणि वनमजुरांना फेब्रुवारी ते जून मानधनावर बोलवा. त्यांना ओळीत उभं करू नका, उंचावर बसवा. गुडघे गेले असले तरी नजर शाबूत आहे.

कल्याणकरांना हे पटेल. २४ नोव्हेंबर २०२२ ला कल्याण पूर्वेला, चिंचपाडा भागात बिबट्या इमारतीत शिरला. काही लोक जखमी झाले, दिवसभर सगळं ठप्प होतं, शेवटी राष्ट्रीय उद्यानाच्या पथकाने त्याला बेशुद्ध करून सुखरूप बाहेर काढलं. ठाण्यात २० फेब्रुवारी २०१९ ला कोरम मॉलमध्ये आणि मग जवळच्या हॉटेलात असंच झालं होतं. डार्ट मारणं हे डॉक्टरांचं कौशल्य, त्याला मी हात जोडतो. पण अशा दिवशी निम्मं काम जमावाचं असतं. गॅलरीतून ओरडणारी मुलं, मोबाइल घेऊन पुढे सरकणारे तरुण. तिथे आवाज न चढवता दोनशे माणसांना पन्नास पावलं मागे नेणारा जुना वनपाल लागतो. २००२ ते २००४ च्या काळात उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, जून २००४ चा महिना तर आम्ही कधी विसरणार नाही. तेव्हा पिंजरे लावण्यावाचून आम्हाला दुसरं सुचत नव्हतं. इकडचे बिबटे पकडून तिकडे सोडले की प्रश्न वाढतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आणि आम्ही हळूहळू शिकलो: कचरा हटवा, कुत्री कमी होतील; मुलांना अंधारात एकटं सोडू नका; पिंजऱ्याआधी लोकांशी बोला. ते शिकलेली पिढी आता ३१ मे, ३१ मे करत संपत आली आहे.

२०२५ मध्ये पाऊस लवकर आला. नवरंग पक्षी मेच्या मध्यालाच शीळ घालायला लागला होता. २० मेनंतर सरी सुरू झाल्या आणि २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, नेहमीच्या ११ जूनच्या दोन आठवड्यांहून आधी. मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती. शहरात तेव्हा पाणी तुंबलं, लोकांचे हाल झाले. मी मात्र निवृत्तीआधीच्या त्या पाच दिवसांत कारवीच्या उतारावर जाऊन आलो. काठ्या काळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्या बुडाशी दोन पानांची रोपं दाट उगवली होती. पुढचं फुलणं २०३२ मध्ये. तोवर त्या मुलीची एखादी-दुसरी बदली होऊन गेलेली असेल.

शेवटी ठाणेकरांना एक काम सांगून थांबतो. घोडबंदर रोडला, वर्तकनगरला, मानपाड्याला तुमच्यापैकी कितीतरी जण पंधराव्या-विसाव्या मजल्यावर राहता. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचा अख्खा पूर्व उतार दिसतो. जंगलात आगीवर नजर ठेवायला मनोरे बांधावे लागतात. ठाण्याने ते नकळत बांधून ठेवले आहेत. १५ फेब्रुवारीपासून सकाळी चहा घेताना आणि संध्याकाळी दिवे लावण्याआधी एकदा डोंगराकडे बघा. धूर दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा. फक्त "डोंगरावर आग आहे" एवढं सांगू नका. तुमची इमारत कोणती, कोणत्या मजल्यावरून बघताय, धूर कशाच्या डावीकडे किंवा उजवीकडे आहे, आणि तो कोणत्या बाजूला वाकलाय, हे चार शब्दांत सांगा. फोन घेणाऱ्याला वारा कळेल आणि खालून निघालेल्या माणसांना कोणत्या बाजूने चढायचं नाही ते कळेल.